येती घंटा

उकंडरावांचा देवावर विश्वास होता आणि भुतांवर नव्हता. या दोन्ही गोष्टी ते कोणी न विचारता सांगत. सरकारी बांधकाम खात्यात हेडक्लार्क म्हणून उभी हयात गेलेली. ज्या गोष्टीची आवक-नोंद नाही ती गोष्ट जगात नाही, असा त्यांचा पक्का समज. देवाची नोंद रोज कुठल्या ना कुठल्या कीर्तनात होत होती. भुतांची कुठेच सापडत नव्हती. विषय संपला.

कीर्तन मात्र त्यांचा जीव की प्राण. वाशीमपासून रिठदपर्यंत कुठेही बुवा उभे राहिले की उकंडराव पहिल्या रांगेत मांडी घालून हजर. बुवांनी चरण उचलला की यांचे डोळे भरून येत, आणि बुवांनी विनोद केला की हे बुवांच्याही आधी हसत, कारण विनोद पाठ असे. कॉलनीतल्या भजनी मंडळाचे ते विणेकरी होते. आता ज्यांनी सप्ताह पाहिला आहे त्यांना हे सांगायला नको, पण ज्यांच्या नशिबी ते पुण्य आलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. अखंड नाम सुरू असतं तोवर देवासमोर एक माणूस गळ्यात वीणा घेऊन उभा असतो. त्याने बसायचं नाही, वीणा खाली ठेवायची नाही, जागा सोडायची नाही. त्याचा पहारा संपला की दुसरा येतो, वीणेला नमस्कार करतो, दोघे एकमेकांच्या पाया पडतात, आणि वीणा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते. मध्ये जमिनीला टेकत नाही. जग टेकलं तरी चालेल.

हा नियम नीट ध्यानात ठेवा. पुढचं सगळं रामायण याच नियमापायी झालं.

सुरुवात झाली ती मनकर्णाबाईंच्या एका वाक्यापासून. मनकर्णाबाई म्हणजे उकंडरावांच्या सौभाग्यवती. त्यांचं माहेर म्हणजे जऊळक्याच्या पलीकडची जुनी गिट्टीखदान. रेल्वेचा अरुंद रूळ होता तेव्हा त्याच्याखाली घालायची गिट्टी तिथे फुटायची. टेकडीला सुरुंग लावायचे, दगड पडायचा, बायाबापड्या तो फोडायच्या. कामगारांच्या खोल्या, साहेबाचा बंगला, बारूदघर, मारुतीचं देऊळ असं एक गावच वसलेलं होतं. मनकर्णाबाई परकरात होत्या तेव्हा खदान बंद पडली आणि गाव उठलं. आता ती टेकडी पुन्हा कोणा ठेकेदाराला देणार आणि देवळासकट सपाट होणार, अशी बातमी आली.

"माह्या बापाचा मारुती हाय थो," मनकर्णाबाई पोळी लाटता लाटता म्हणाल्या. "बाबानं सोताच्या हातानं घडोला."

"मी पाहतो," उकंडराव म्हणाले.

हेडक्लार्कच्या तोंडी 'मी पाहतो' याचा अर्थ काय, हे साऱ्या खात्याला ठाऊक होतं. पण मनकर्णाबाई खात्यात नव्हत्या. त्यांनी लाटणं थांबवलं, नवऱ्याकडे पाहिलं, आणि त्या दिवशी पोळीवर न मागता तूप पडलं. उकंडराव अडकले.

तहसील कार्यालयात त्यांना एका तरुण कारकुनाने नियम समजावून सांगितला. ज्याने जन्मभर लोकांना नियम समजावले त्या हेडक्लार्कलाच कोणी समजावून सांगावं, हा अपमान त्यांनी पाण्याच्या घोटाबरोबर गिळला. नियम असा, की देवस्थान वापरात असेल तर हद्दीतून वगळतात. पडीक असेल तर नाही.

"वापरात म्हणजे?"

"म्हणजे माणसं दिसली पाहिजेत काका. नाम म्हणा, पूजा म्हणा. महसुलाच्या मंडळ अधिकारी मॅडम गुरुवारी पाहणीला येतील. त्या आल्या तेव्हा काही चालू दिसलं, तर ठीक. नाही दिसलं, तर पडीक."

"केव्हा येतील?"

"गुरुवारी," कारकून म्हणाला, आणि यापुढे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही असा चेहरा केला.

म्हणजे सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत अखंड नाम. दुसरा इलाज नव्हता. भोंग्याच्या परवानगीसाठी उकंडराव पुढच्या खिडकीवर गेले. तिथे आजूबाजूच्या रहिवाशांचं 'हरकत नाही' असं पत्र मागितलं. तिथे रहिवासीच नाहीत, असं त्यांनी सांगितलं. रहिवासी नाहीत तसं रहिवाशांनी लिहून द्यावं, असं उत्तर आलं. उकंडरावांना आयुष्यात पहिल्यांदा कळलं की खिडकीच्या बाहेरच्या बाजूने सरकार कसं दिसतं. त्यांनी भोंगा रद्द केला.

ही बातमी कॉलनीत पसरली आणि सल्ले सुरू झाले. शेजारचे सेवादास गुरुजी म्हणाले, "बाकी काही नका करू, पण तिथलं पाणी पिऊ नका, तिथलं फळ खाऊ नका, आणि कोणी नाव घेऊन हाक मारली तं ओ देऊ नका." समोरच्या साधनाताईंनी लिंबू-मिरचीचा हारच करून दिला. उकंडरावांनी लिंबं सरबताला लावली आणि मिरच्या भाजीत घातल्या, आणि तसं साधनाताईंना कळवलंही.  त्या फक्त त्यांच्याकडे अशा पाहत राहिल्या, जसं आपण फलाटावर निघालेल्या माणसाकडे पाहतो.

आधी जागा पाहून घ्यावी म्हणून ते मंडळाच्या मृदंगवाल्याला, मदनसिंगला, बरोबर घेऊन गेले. मदनसिंगची आई त्याच खदानीत गिट्टी फोडायची, म्हणून त्याला वाट ठाऊक. तूर पिवळ्या फुलावर आली होती. तुरीचं शेवटचं शेत संपलं, मोटारसायकल बंद केली, आणि एकदम इतकं शांत झालं की उकंडरावांना स्वतःच्या चपलांची लाज वाटली.

आधी लागला साहेबाचा बंगला. छप्पर नाही, पण शेकोटीची चिमणी तेवढी ताठ उभी. वऱ्हाडातल्या उन्हात चिमणी बांधणारा तो साहेब कोणत्या थंडीला भ्याला होता कोणास ठाऊक. मग बारूदघर. भिंती दोन माणसं आडवी झोपतील इतक्या जाड आणि वर नुसते पत्रे. म्हणजे उडालंच तर वर उडावं, बाजूला नाही, असा हिशेब. पत्रे आता नव्हते. ते वर गेले की भंगारात गेले, याची नोंद नव्हती. आत भिंतीला हात लावला तर भिंत कोमट लागली. ऊन तर तिकडे येत नव्हतं.

"चला भाऊसाहेब," मदनसिंग हळूच म्हणाला.

पलीकडे खदानीचा खड्डा, काठोकाठ हिरव्या पाण्याने भरलेला. पाण्यात आभाळ स्वच्छ दिसत होतं. वर एक घार घिरट्या घालत होती. उकंडरावांनी वर पाहिलं, खाली पाहिलं, पुन्हा वर पाहिलं. घार वर होती. खाली नव्हती. चष्म्याचा नंबर वाढला असावा, असं त्यांनी मनाशी ठरवलं आणि ते लगेच मान्यही केलं.

कामगारांच्या खोल्या एका ओळीत. प्रत्येकीत एक चूल, एक खुंटी, आणि चौकटीच्या जागी भोक. पडक्या खोल्यांत असते तशी घाण, वाळवी, बाभळीची रोपं. कोपऱ्यातल्या शेवटच्या खोलीशी मात्र दोघे थबकले. तिची जमीन सारवलेली होती. ओली नव्हती, पण शेणाचे अर्धगोल स्पष्ट उमटलेले.

"मेंढपाळ असन एखांदा," मदनसिंग म्हणाला.

"मेंढपाळ सारवतो?"

दोघे देवळाकडे वळले.

देऊळ लहान पण शाबूत होतं. काळ्या दगडाचा मारुती, आणि त्याच्यावर बसलेली धूळ पांढरी. देवळापासून हाकेच्या अंतरावर, उताराच्या टोकाला एक जुना कडुलिंब, आणि त्या लिंबाच्या फांदीला साखळीने टांगलेला रुळाचा तुकडा. साखळी फांदीत रुतून गेली होती. झाडाने ती गिळून घेतली होती.

"हे काय?"

"घंटा, भाऊसाहेब. सुरुंग पेटोयाच्या आधी थे वाजे. तीन ठोके, थांबून तीन ठोके. थिले पळती घंटा म्हनत. थे वाजली का हातातलं टाकून समद्यायनं नाल्यापलीकडं पळाचं. अन् सुरुंग उडून गेला, धोका सरला, का मंग दुसरी. न थांबता, सलग. थे येती घंटा. थे आयकू येत नाही तोवर कोनं परत फिराचं नाही, मंग सांज का होईना."

"वाजवायचं कोण?"

मदनसिंगने इकडे तिकडे पाहिलं. "तुमचे सासरे. भिवाजीबावा."

उकंडरावांनी सासऱ्यांना कधी पाहिलं नव्हतं. लग्नाच्या कितीतरी आधी ते खदानीत गेले, एवढंच ठाऊक होतं. मनकर्णाबाई त्याबद्दल बोलत नसत. आज मदनसिंगने सांगितलं. पळती घंटा वाजवून सगळी माणसं पार झाल्यावर भिवाजीबावाला कोणाचं तरी बकरीचं पिल्लू दगडात अडकलेलं दिसलं. ते काढायला तो मागे फिरला. सुरुंग लवकर उडाला. नाल्यापलीकडे माणसं थांबली, थांबली, दिवस बुडाला. येती घंटा वाजलीच नाही. वाजवणाराच नव्हता.

"मंग लोकायनं गावच सोडलं. मरनाले भ्याले म्हनून नाही भाऊसाहेब. मरन तं रोजचंच होतं. पन 'या' म्हनून कोनं बलावलंच नाही, तं परत कसं याचं?"

उकंडरावांना ते ऐकवेना. आणि असं ऐकवेनासं झालं की हेडक्लार्क माणूस जे करतो तेच त्यांनी केलं. ते तर्काने वागले. "मदनसिंग, लोखंड म्हणजे लोखंड," असं म्हणून त्यांनी खालचा दगड उचलला आणि रुळावर मारला. ठण्, ठण्, ठण्. लोखंड थांबलं, तर समोरच्या, सुरुंगांनी फोडलेल्या कड्यातून तेच परत आलं. ठण्, ठण्, ठण्.

तीन ठोके, थांबून तीन ठोके.

मदनसिंगचा चेहरा राखेसारखा झाला. "वाजोली तुमी! आता दुसरी बी वाजोवा. उघडी नका ठेवू भाऊसाहेब, पाया पडतो!"

"ही अंधश्रद्धा आहे," उकंडराव म्हणाले, आणि दगड टाकून दिला. खरं सांगायचं तर त्यांना वाजवायची होती. पण मदनसिंगसमोर कशी वाजवणार? ते ताठ मानेने मोटारसायकलकडे गेले. मान वळवून पाहावंसं फार वाटत होतं. पाहिलं नाही.

गुरुवारी पहाटे मंडळ जीपगाड्यांतून निघालं. टाळकरी, मृदंगावर मदनसिंग, स्वयंपाकाला बायका, आणि जऊळक्यातली पाच-सात म्हातारी माणसं, ज्यांचं बालपण खदानीत गेलेलं. मनकर्णाबाई पहिल्याच गाडीत बसल्या होत्या. गाडीतून उतरल्या आणि सरळ खोल्यांकडे गेल्या. परत आल्या तेव्हा डोळे लाल होते.

"आमची कोपऱ्याची," एवढंच म्हणाल्या. "कोनं सारोली हो?"

"मेंढपाळाने," उकंडराव म्हणाले.

त्यांनी नवऱ्याकडे असं पाहिलं की उकंडराव वीणेची तार जुळवायला लागले. ती जुळलेलीच होती.

सूर्य उगवला आणि नाम सुरू झालं. काय सांगावं तुम्हाला! मोकळी हवा, मृदंगाचा घुमारा, आणि समोर अर्धगोल कडा, की देवानेच बांधलेला सभामंडप. आपण म्हणावं आणि डोंगराने मागून म्हणावं. उकंडरावांच्या अंगावर रोमांच आले. कीर्तनात बुवा रंगले की येतात तसे. कड्याच्या या साथीवर ते इतके खूश झाले की पहिला पहारा संपला तरी त्यांनी वीणा सोडली नाही. दुसराही संपला.

दुपार कलली. मॅडम आल्या नव्हत्या. मनकर्णाबाई चहा घेऊन आल्या. "दमले तुमी. आना, मी धरते घडीभर."

"बायकांनी वीणा धरायची आपल्या मंडळात रीत नाही."

"कोनं केली रीत?"

"मंडळाने."

"मंडळ म्हनजे तुमीच ना?"

उकंडरावांनी डोळे मिटून नाम मोठ्याने म्हटलं. वादात हरत आलेल्या विणेकऱ्याला ही सोय फार चांगली आहे.

तेवढ्यात त्यांच्या लक्षात आलं की टाळ कुठेतरी चुकतोय. टाळ थांबले की कड्यातले टाळ थांबत, ते बरोबरच. पण एक टाळ सगळ्यांच्या मागून थांबत होता. त्यांनी नीट कान दिला. पुढच्या आवर्तनात तो टाळ मागून नाही, आधी वाजला. इकडून नाम निघायच्या आधी तिकडून पहिलं अक्षर आलं. मदनसिंगचा हात मृदंगावर अडखळला. त्यानेही ऐकलं होतं. दोघांची नजरानजर झाली आणि दोघांनीही ती सोडवून घेतली.

आणि मग लिंबाखालून आवाज आला.

ठण्, ठण्, ठण्.

नाम बंद पडलं. वारा नव्हता. लिंबाखाली कोणी नव्हतं, माकडही नाही. रूळ मात्र जरासा हलत होता.

ठण्, ठण्, ठण्.

त्यानंतर जे झालं ते भीतीने झालं असं म्हणवत नाही. भीतीला विचार करायला थोडा वेळ लागतो. इथे विचार नव्हताच. काठ्या टेकत आलेली ती म्हातारी माणसं पोरांसारखी उठली, भांडी तशीच, चुली तशाच, आणि उताराने नाल्याकडे धावत सुटली. एक आजी तर काठी विसरली आणि काठीवाल्यांच्या पुढे गेली. टाळकरी त्यांच्यामागे, ते कशाला पळत होते हे त्यांना नाल्यापलीकडे गेल्यावर कळणार होतं. मदनसिंगने मृदंग पोटाशी धरला आणि "पळा भाऊसाहेब!" असं ओरडत तोही गेला.

मनकर्णाबाई तेवढ्या थांबल्या. पाय उताराकडे वळलेले, पण थांबल्या. "चला!"

"मला जागा सोडता येत नाही. मॅडम येतील, रिकामं देऊळ दिसेल. गेलं मग."

"मंग आना इकडं थे वीणा. मी राहते. माह्या बापाचं देऊळ हाय."

आता खरं तर द्यायला हवी होती. पण माणसाला अब्रू नावाची वस्तू असते आणि ती नेमकी नको तेव्हा आठवते. "रीत नाही," उकंडराव म्हणाले.

मनकर्णाबाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "तं मंग रहा जलमभर उभे! घंटा वाजली का थांबाचं नाही, मांगं पाहाचं नाही, माह्या बापानं मले हेच शिकोलं. त्याचं मी आयकन. तुमचं नाही." आणि त्या गेल्या. खरोखरच एकदाही मागे न पाहता गेल्या.

उकंडराव एकटे राहिले.

एकट्या विणेकऱ्याचं काय होतं ते कोणत्याही कीर्तनात सांगत नाहीत. ते नाम म्हणत राहिले. आवाज बारीक झाला. कड्यातून मात्र परत येणारा आवाज बारीक होत नव्हता. चुलीवर ठेवलेला भात कोणी तरी उतरवला. म्हणजे उतरवताना दिसलं कोणी नाही, पण करपायचा वास येत होता तो बंद झाला. खोल्यांकडून धूर निघाल्यासारखं वाटलं, एका ओळीत, प्रत्येक खोलीतून एकेक. जेवणवेळेचं कुजबुजणं, लेकराचं किरकिरणं, हातोडीचा टक् टक् आवाज, सगळं इतकं हळू की ऐकू येतंय असंही म्हणता येईना. 'उकंडराव' अशी हाक मात्र कोणी मारली नाही. सेवादास गुरुजींच्या सल्ल्यातला तेवढा भाग फुकट गेला. तिथे त्यांना नावाने ओळखणारं कोणी नव्हतं, आणि का कोण जाणे, याचंच त्यांना थोडं वाईट वाटलं.

ऊन तिरपं झालं. हात बधिर झाले, खांद्यात काटे भरले, पाय तर आपले आहेत की देवळाचे खांब हेही कळेना. आता वीणा सुटणार. सुटली तर जमिनीला टेकणार. टेकली तर अखंडपण मोडलं, आणि मॅडम येऊन लिहिणार, पडीक. त्यांनी डोळे मिटले आणि मारुतीला म्हणाले, "कोणालाही पाठव. मी विचारणार नाही कोण म्हणून."

फटाके फुटून गेल्यावर येतो तसा वास आला. त्यांनी डोळे उघडले.

पायरीवर एक माणूस उभा होता. असेल पस्तिशीचा. डोक्याला लाल फडकं, अंगावर गंजिफ्रॉक, आणि पापण्यांपर्यंत दगडाची पांढरी भुकटी. कुठल्या तरी क्रशरवरचा मजूर असावा.

"कोणत्या गावचा रे तू?" उकंडरावांनी विचारलं. दिलेला शब्द त्यांनी लगेच मोडला, हेडक्लार्कची सवय.

माणूस नुसता हसला आणि हात पुढे केले.

"अरे पण हातपाय धुतलेस का? बरं, असू दे, असू दे. नीट धर हं पोरा. खाली टेकवायची नाही."

त्याने वीणेला नमस्कार केला. मग वाकून उकंडरावांच्या पावलांना हात लावला. रीतीप्रमाणे उकंडराव त्याच्या पाया पडायला वाकणार, तोच त्याने त्यांचे खांदे धरून त्यांना अडवलं. आणि पुन्हा एकदा वाकला. दोन्ही पावलं दोन्ही हातांनी धरली आणि जरा वेळ तशीच धरून ठेवली. हे दुसऱ्यांदा कशाला, असा विचार उकंडरावांच्या मनात आला, पण वीणा गळ्यातून गेली होती आणि जगातलं सगळं ओझं तिच्याबरोबर गेलं होतं. विचार करायची ताकदच उरली नव्हती. त्या माणसाने तार छेडली. आवाज असा लागला की कडा पहिल्यांदाच गप्प बसला.

आता माणसं परत आणायला हवी होती. उकंडराव उताराच्या टोकाशी गेले, हाका मारल्या. घसा बसलेला. पलीकडे नाल्याच्या काठावर सगळी मंडळी रांगेने उभी होती आणि इकडेच पाहत होती. हात केले. कोणी हललं नाही. येणारच नव्हते. त्यांना बोलावणं एकाच गोष्टीचं चालणार होतं, आणि ती गोष्ट उकंडरावांनी अंधश्रद्धा म्हणून जाहीर केली होती.

लिंबाखाली त्यांनी टाकलेला तोच दगड पडला होता. उकंडरावांनी इकडे तिकडे पाहिलं. आपल्याला कोणी पाहत नाही ना, एवढ्यासाठी. मग दगड उचलला आणि मारत सुटले. न थांबता, सलग. साखळी करकरली, लिंबाची पानं गळाली, हातातला दगड फुटला तेव्हा दुसरा घेतला. कितीतरी वर्षं अडकलेलं काहीतरी त्या लोखंडातून सुटत होतं. नाल्यापलीकडून एक रडका आवाज उठला, मग दुसरा, आणि मग सगळेच पाण्यातून इकडे यायला लागले. म्हातारी माणसं रडत होती आणि हसत होती. सर्वांच्या पुढे मनकर्णाबाई, नऊवारीचा ओचा गुडघ्यापर्यंत खोचलेला.

"तुमी वाजोली?"

"हो," उकंडराव म्हणाले. यापेक्षा लहान उत्तर त्यांनी नोकरीतही कधी दिलं नव्हतं.

सगळे देवळाशी आले आणि जागच्या जागी थांबले. देवळात मंडळ अधिकारी नीलिमा तायडे मॅडम उभ्या होत्या. काखेत फाइल, खांद्याला पर्स, आणि गळ्यात वीणा.

"अहो, घ्या ना कोणीतरी!" मॅडम म्हणाल्या. "माझी गाडी त्या बारूदघराशी थांबली, मी मागच्या अंगाने चढून आले. तुमचे ते विणेकरी एकटेच होते. मी म्हटलं, बाकीचे कुठे गेले? बोलले नाहीत. एवढ्यात ती घंटा वाजायला लागली, तसं त्यांनी कान दिला, आणि वीणा सरळ माझ्या गळ्यात घातली. मी सांगत होते, आमच्या घरात वीणा-बिणा नाही, मला यातलं काही कळत नाही. म्हणाले, 'कळाचं काय त्यात ताई? खाली ठेवू नका म्हंजे झालं.' आता मला पंचनामाही लिहिता येईना."

"कुठे गेला तो?" उकंडरावांनी विचारलं.

"खोल्यांकडे. मी विचारलं, अहो कुठे निघालात? तर म्हणाले, 'येती वाजली. आता जातो.'" मॅडम जरा थांबल्या. "आणि म्हणाले, 'मनी येईन. थिच्यापाशी द्या.' मनी कोण आहे इथे?"

 एक म्हातारी मनकर्णाबाईंकडे पाहायला लागली, मग दुसरी. साठी उलटलेल्या मनकर्णाबाई खांबाला धरून उभ्या होत्या. मनी म्हणणारं माणूस जगात उरलंच नव्हतं.

"कसा दिसे थो?" त्यांनी विचारलं, पण उत्तरासाठी थांबल्या नाहीत. वीणेच्या दांड्यावर पाच बोटांची पांढरी भुकटी उमटलेली होती, तिच्याकडे त्या पाहत होत्या. मग त्यांची नजर नवऱ्याच्या पायांकडे गेली. दोन्ही पावलांवर तशीच भुकटी.

"पाय कोनं धरले तुमचे?"

उकंडरावांनी खाली पाहिलं. जावयाचे पाय सासऱ्याने धरावेत ही आपल्याकडची रीत. लग्नात त्यांचे पाय चुलतसासऱ्यांनी धरले होते, कारण धरायचं ज्याने तो नव्हता. आणि त्याला आज आपण काय म्हणालो? 'कोणत्या गावचा रे तू.' 'हातपाय धुतलेस का.' 'पोरा.' उकंडरावांना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं, पण तिथल्या धरणीच्या पोटात आधीच पुष्कळ काही होतं.

मनकर्णाबाई पुढे झाल्या. टाळकऱ्यांत उभ्या असलेल्या मंडळाच्या अध्यक्षांनी घसा खाकरला. रीतीची आठवण द्यायची असावी. त्यांनी उकंडरावांकडे पाहिलं, आणि घसा पुन्हा जागच्या जागी गेला. मॅडमच्या गळ्यातली वीणा मनकर्णाबाईंच्या गळ्यात आली. मध्ये जमिनीला टेकली नाही. मॅडमनी मोकळा श्वास घेतला, फाइल गुडघ्यावर ठेवून पायरीवर बसल्या, पेनाचं टोपण दाताने काढलं.

"वापरात आहे, असं लिहिते," त्या म्हणाल्या. "अर्धा तास मीच वापरात होते."

मदनसिंगने मृदंगावर थाप दिली. मनकर्णाबाईंनी नाम उचललं. कड्यातून त्यांचाच आवाज परत आला, एकटा, साधा, मागून; कड्यातून यावा तसा.

नवीन विणेकऱ्याला नमस्कार करायचा असतो. नियम तो नियम. सारं मंडळ पाहत असताना उकंडराव बायकोच्या पायांशी वाकले. हा नमस्कार वीणेला आहे, हे सगळ्यांना कळावं अशा बेताने वाकले आणि उठले.

मग थोडे थांबले, आणि दुसऱ्यांदा वाकले.